संग्रहालये, संवर्धित वास्तव आणि आमचे कर्तव्य

(बुऱ्हाणपूर येथे राजघाटावर यात्रेकरू महाजन मंडळींसमोर केलेले भाषण)



यात्रेच्या वाटेवर तापीतीरी दोन शब्द बोलण्याची आज्ञा मला झाली, हा मी माझा बहुमान समजतो. विषय मात्र नेहमीचा नाही. संग्रहालयांत अलीकडे योजल्या जाणाऱ्या एका नव्या यंत्रविद्येसंबंधी मी बोलणार आहे. तिला 'ऑगमेंटेड रिअॅलिटी' म्हणतात. मराठीत 'संवर्धित वास्तव' हा शब्द रूढ होत आहे.

संग्रहालय म्हटले की काचेची कपाटे आठवतात. परंतु हा राजघाटही एक छपराविना संग्रहालयच आहे. वर शाही किल्ल्याचे अवशेष, नदीच्या पात्रात पाषाणाचा हत्ती आणि पैलतीरी जैनाबाद. १६१५ साली इंग्रज वकील सर टॉमस रो याने याच नगरीत शाहजादा परवेझची भेट घेतली. १७ जून १६३१ रोजी मुमताजमहल येथेच प्रसूतीत निवर्तली. तिचा देह प्रथम जैनाबादच्या आहूखान्यात ठेवला गेला आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात आग्र्यास नेण्यात आला. १६८१ साली छत्रपती संभाजी महाराजांच्या फौजेने या नगरावर छापा घातला; १७६० साली उदगीरच्या लढाईनंतर बुऱ्हाणपूर पेशव्यांकडे आले. यांपैकी आज डोळ्यांना काय दिसते? पायऱ्या, पडक्या भिंती आणि पाणी. जाणत्याला त्यांत इतिहास दिसतो. अजाण मुलाला केवळ दगड दिसतात.

ही उणीव भरून काढण्यासाठी हे नवे साधन आहे. हातातील फोन समोरच्या भिंतीकडे धरला की त्याचा कॅमेरा तिचे कोपरे आणि खुणा टिपतो, आत साठविलेल्या नकाशाशी त्या ताडून पाहतो, आणि पडलेला सज्जा किंवा उडालेला रंग अचूक जागी पडद्यावर उभा करतो. प्रेक्षक हलला तरी चित्र भिंतीला धरून राहते. खरी भिंत पुढे असतेच. तिच्यावर आणखी काही दिसते, म्हणून ते 'संवर्धित'. १९६८ साली अमेरिकेत आयव्हन सदरलँड यांनी डोक्यावर चढविण्याचे असे पहिले यंत्र सिद्ध केले. पुढे १९९० च्या सुमारास बोईंग विमान कारखान्यात तारांची जुळणी सोपी व्हावी म्हणून चाललेल्या कामातून हे नाव रूढ झाले.

संग्रहालयांनी त्याचा सुंदर उपयोग केला आहे. वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेने २०१५ साली आपल्या जुन्या सांगाड्यांवर मांस, त्वचा आणि हालचाल चढवून दाखविली. रोममधील आरा पाचिस या दोन सहस्र वर्षांपूर्वीच्या संगमरवरी वेदीवर २०१६ पासून तिचे मूळचे रंग प्रेक्षकांना दाखविण्यात आले. आपल्या देशातही दिल्लीच्या प्रधानमंत्री संग्रहालयात २०२२ पासून या विद्येची योजना आहे.

आता माझ्या मनातील शंका सांगतो. मी सारे आयुष्य कारकुनीत घालविले. दप्तरात नोंदीचा रकाना वेगळा असतो आणि शेऱ्याचा वेगळा. कोणी आपला तर्क नोंदीच्या रकान्यात लिहिला, तर वीस वर्षांनी येणारा कारकून तो खराच मानतो. या पडद्यावर नेमका हाच धोका आहे. शाही किल्ल्यातील हमामाच्या छतावर रंगीत चित्रे आहेत. त्यांतील एकात ताजमहालाचे पूर्वरूप आहे, ताज मुळात तापीकाठीच बांधावयाचा होता, असे वाटाडे मोठ्या रसाने सांगतात. ही लोककथा आहे. वाटाड्याच्या तोंडून ऐकताना श्रोता थोडी शंका राखतो. पण उद्या फोन उचलताच पैलतीरी शुभ्र घुमट झळकू लागला, त्याची छाया पाण्यात हलू लागली, तर शंका कोण राखील? मुमताजचा मृत्यू आणि तापीकाठचा ताज, दोन्ही सारख्याच तेजाने दिसतील आणि सारखेच खरे वाटतील.

म्हणून माझे मत असे की अशा प्रत्येक चित्रात तीन रकाने स्पष्ट असावेत. जे आज उभे आहे ते जसेच्या तसे. ज्याला कागदाचा वा उत्खननाचा आधार आहे ते निराळ्या रंगात. आणि जो केवळ तर्क आहे तो पुसट रेषेत. लोककथाही सांगावी, पण लोककथा म्हणून. एवढे पथ्य पाळले तर ही विद्या शिक्षकाचे काम करील.

हे सारे आपल्यापुढे सांगण्याचे कारण आहे. आहूखान्यासारखी रिकामी झालेली मूळ जागा आपणा गोमंतकीयांना अपरिचित नाही. १५६० साली श्रीमंगेश कुशस्थळीहून नदीपार प्रियोळला गेले. १५६६ साली श्रीशांतादुर्गा केळोशीहून कवळ्यास आली. मूळ देवळे पाडली गेली. कधीतरी एखादा हुशार तरुण येईल आणि म्हणेल, 'मूळ देऊळ मी फोनवर उभे करून दाखवितो.' आपल्याला गहिवरून येईल, आणि त्या गहिवरात आपण विचारावयाचे विसरू, की बाबा रे, हे शिखर तू कोठून आणलेस? १५६७ च्या साष्टीच्या फोरालात देवांची नावे आणि देवस्थानांच्या जमिनी लिहिल्या आहेत. त्यांवरून शिखराची उंची निघत नाही. आजच्या देवळाचे घुमट आणि दीपस्तंभ पुढच्या काळाचे आहेत. तेच मागे नेऊन कुशस्थळीत उभे केले, तर आपल्या नातवंडांना खोटी आठवण मिळेल, आणि तीही आपल्याच संमतीने.

तेव्हा यंत्र येण्याआधीचे काम आपले आहे. घरोघरच्या पेट्यांत जुने दस्तऐवज, हिशेबाच्या वह्या, पालखीची आणि सभामंडपाची जुनी छायाचित्रे पडून आहेत. वाळवी लागण्यापूर्वी त्यांच्या प्रती काढाव्यात, छायाचित्रामागे साल आणि स्थळ लिहावे, वडीलधाऱ्यांकडून ऐकलेल्या गोष्टी 'ऐकीव' असा शेरा मारूनच उतरून ठेवाव्यात. हे काम फोनवाल्या तरुणांनी आणि चष्मेवाल्या वृद्धांनी मिळून करावयाचे आहे. पोर्तुगीज वाचणारी माणसे आता थोडी उरली आहेत. त्यांना आळस करता येणार नाही.