नवी साधने आणि शाळेची भाषा



१९७५-७६ साली उपग्रहामार्फत सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांत दूरचित्रवाणीचे पाठ पोहोचले. ते हिंदी, कन्नड, तेलुगू व ओडिया भाषांत होते, मराठीत नव्हते. २०१७ पासून 'दीक्षा'मुळे पाठ्यपुस्तकातील क्यूआर कोड मोबाइलसमोर धरताच धडा उघडतो. परंतु तो मुलाच्या भाषेत आहे काय, आणि त्याच्या घरी मोबाइल आहे काय, हे दोन प्रश्न २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा तीव्रतेने जाणवले. महाराष्ट्राबाहेरील मराठी शाळांना तर ते दोन्ही भेडसावतात. ज्यांना पुस्तक विकत घेणे परवडत नव्हते, त्यांच्यासाठीच वाचनालये निघाली. त्याच न्यायाने आपल्या बालविभागात एक संगणक आणि मुलांच्या शंका मराठीतून सोडविणारा एक जाणता सभासद रोज सायंकाळी असावा, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.