इंग्रजीतला भूतकाळ सांभाळताना

"मी स्टेशनवर गेलो, बघतो तर काय, गाडी सुटलेली!" मराठीत हे अगदी सहज येतं. भूतकाळातून मध्येच वर्तमानात उडी मारली की प्रसंग डोळ्यांसमोर उभा राहतो. हीच सवय इंग्रजी लिहिताना आड येते. 'आय वेंट टू द स्टेशन' अशी सुरुवात केली, की पुढे 'आय सी' नाही, 'आय सॉ' हवं. गाडी तर त्याआधीच सुटली होती, म्हणून 'द ट्रेन हॅड लेफ्ट'. हा 'हॅड' फार मोलाचा. आधी काय घडलं ते तोच सांगतो.

सर्वांत जास्त गफलत होते ती दुसऱ्याचं बोलणं सांगताना. आपण म्हणतो, "तो म्हणाला, की मी येईन." इंग्रजीत मात्र 'ही सेड ही वुड कम'. 'विल'चं 'वुड' होतं, 'मी'चा 'तो' होतो. पृथ्वी सूर्याभोवती फिरते, असं बाईंनी काल सांगितलं असलं, तरी तिथे 'गोज' चालतं, कारण ते आजही खरं आहे.

विद्यार्थ्यांनो, निबंध लिहून झाला की फक्त क्रियापदांवरून एकदा बोट फिरवा.