पाळी गेल्यानंतर : गोळी, पट्टी की मलम?

(पालक मेळाव्यातील भाषण)



मी डॉक्टर नाही, शिक्षक आहे. पुरुषाने या विषयावर बोलावे का, असे काहींना वाटेल. पण उंद्रीसारख्या गावात कोणीच बोलत नाही, म्हणून बोलतो.

पाळी जाण्याच्या सुमारास अंडाशयातून पाझरणारे इस्ट्रोजेन हे संप्रेरक कमी होते. अंगातून वाफा निघतात, झोप उडते, पुढे हाडे ठिसूळ होतात. त्रास फार असेल तर डॉक्टर तेच संप्रेरक बाहेरून देतात. ते कोणत्या वाटेने द्यावे, यावर बरेच अवलंबून असते.

गोळी घेणे सोपे. पण ती आधी यकृतातून जाते व तेथे रक्त गोठविणारे घटक वाढतात. अमेरिकेतील ज्या मोठ्या पाहणीने २००२ साली जगभर घबराट उडविली, तीत गोळ्याच दिल्या होत्या आणि त्या स्त्रियांचे सरासरी वय ६३ होते, हे आपण विसरतो. कातडीवर चिकटवायच्या पट्टीतले किंवा दंडावर चोळायच्या जेलमधले औषध सरळ रक्तात उतरते, यकृताचा पहिला फेरा टळतो. रक्ताच्या गुठळीचा धोका असलेल्या बाईला म्हणून ही वाट बरी मानतात. आपल्याकडच्या उन्हाळ्यात घामाने पट्टी सुटते, ही तिची अडचण. योनिमार्गात लावायचे मलम तेथल्या कोरडेपणापुरतेच. वाफांवर त्याचा उपयोग नाही. पिशवी शाबूत असेल तर गोळी, पट्टी वा जेलच्या जोडीला प्रोजेस्टेरॉन हवेच, नाहीतर पिशवीच्या अस्तराला कर्करोगाचा धोका. स्तनाचा कर्करोग झालेल्यांना हे उपचार सहसा देत नाहीत.

आता शेजारच्या मराठवाड्याकडे पाहा. २०१९ साली बीड जिल्ह्यात ऊसतोड करणाऱ्या ८२,३०९ स्त्रियांची पाहणी झाली; त्यांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. कित्येकी चाळिशीच्या आतल्या! पिशवीबरोबर दोन्ही अंडाशयेही काढली, तर जे पुढे हळूहळू व्हायचे ते एका दिवसात होते. अशा तरुण बाईने, दुसरी अडचण नसेल तर, पाळी जाण्याच्या नेहमीच्या वयापर्यंत संप्रेरक घ्यावे असे वैद्यकशास्त्र सांगते. पण अंडाशये काढली की ठेवली, हे कित्येकींना ठाऊकच नसते.

ते डिस्चार्ज कार्डावर इंग्रजीत लिहिलेले असते. दहावीच्या मुलामुलींनो, घरी आईचे असे कार्ड असेल तर काढून वाचा. ‘हिस्टरेक्टॉमी’ म्हणजे पिशवी काढली, ‘ऊफोरेक्टॉमी’ म्हणजे अंडाशय काढले, आणि त्यामागे ‘बायलॅटरल’ असेल तर दोन्ही. डॉक्टरांकडे जाताना ते कार्ड आईच्या पिशवीत टाकायला विसरू नका.