कोकराची खारवलेली जीभ

प्राणी मारल्यावर त्याचा कोणताही खाद्य भाग वाया जाऊ द्यायचा नाही, ही पशुपालक समाजांची जुनी शिस्त. कोकराची जीभ खारवून ठेवण्याची इंग्लंडमधील रीत याच शिस्तीतली.

मीठ, साखर आणि किंचित सोरा घातलेल्या मिठवणीत जीभ काही दिवस मुरवितात. सोऱ्यातील नायट्रेटाचे जिवाणूंमुळे नायट्राइट होते. त्यामुळे मांसाला गुलाबी रंग येतो आणि बोट्युलिझम हा प्राणघातक विकार निर्माण करणाऱ्या जंतूंची वाढ रोखली जाते. प्रमाण चुकल्यास मात्र हेच द्रव्य विषारी ठरते. म्हणून ते अंदाजाने घालू नये, तोलूनच घ्यावे. मुरलेली जीभ पाण्यात भिजवून तिचा खारटपणा उतरवावा, मंद आचेवर ती मऊ शिजवावी आणि गरम असतानाच वरची खरखरीत साल सोलून काढावी. निवल्यावर तिचे पातळ काप मोहरीच्या चटणीबरोबर किंवा पावात घालून वाढतात.

न खारवता शिजविलेल्या 100 ग्रॅम जिभेत सुमारे 22 ग्रॅम प्रथिने व 20 ग्रॅम स्निग्धांश असतो. तीत लोह असतेच, आणि ब-12 जीवनसत्त्व तर प्रौढाची दिवसाची गरज भागवून उरेल इतके असते. रक्तनिर्मितीला ही दोन्ही आवश्यक होत. परंतु खारवताना मीठ वाढते, आणि जागतिक आरोग्य संघटना प्रौढाने दिवसाकाठी 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे, असे सांगते. तिच्याच कर्करोग-संशोधन संस्थेने 2015 साली प्रक्रिया केलेल्या मांसाची गणना कर्करोगकारक पदार्थांत केली. तेव्हा खारवलेली जीभ क्वचित चवीपुरती खावी. पोषणासाठी ताजी शिजवावी, हेच श्रेयस्कर.