वाडा गेला, खूण गेली
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



मला भाषणाची सवय नाही. चुकले तर सांभाळून घ्या.

आपल्या वाईत पाहुणे आले की ढोल्या गणपतीचे दर्शन झाल्यावर आपण त्यांना मेणवलीला नेतो. नाना फडणविसांचा वाडा, मागे कृष्णेचा घाट. घाटावरच्या देवळापाशी टांगलेली मोठी घंटा पोर्तुगिजांची. 1739 साली मराठ्यांनी वसई जिंकली तेव्हाची. नाना 1800 साली गेले, तरी मेणवली म्हटली की अजून तेच आठवतात.

पण आपल्या आळीतल्या वाड्यांत नाना राहिले नव्हते, म्हणून त्यांना कोण पुसतो? आमचा वाडा पाडावा असा हट्ट मीच धरला होता. पावसाळ्यात दहा ठिकाणी गळायचे, माजघरात दिवसा दिवा लागायचा, संडास परसाच्या टोकाला. वाड्याचे कौतुक करणाऱ्यांनी तिथे एक पावसाळा स्वयंपाक करून पाहावा!

आता सिमेंटचे घर आहे, आत नळ आहे. मी सुखात आहे, खोटे कशाला बोलू? पण दाराची सागवानी चौकट आणि दिंडी दरवाजा आम्ही लाकडाच्या भावाने विकला. परवा माझी बहीण आली, ती आमच्या घरावरून दोनदा पुढे निघून गेली. तिला खूणच सापडेना. माझ्या काळजात चर्र झाले.

संडास, मोरी आत घेऊनही दरवाजा राखता आला असता. तेव्हा हे कुणाला सुचलेच नाही.

तुमच्यापैकी दोघींच्या घरी सध्या हाच विचार चालू आहे. दरवाजाचा सौदा करण्याआधी एकदा माझ्याकडे चहाला या.