नाताळची सुटी आणि आमचे घर

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त बन्नीमंटप, म्हैसूर येथे भरलेल्या कौटुंबिक मेळाव्यातील भाषण)



मंडळाच्या चिटणीसांनी आम्हांला 'कुटुंबसंस्था आणि आजचा काळ' असा भारदस्त विषय दिला होता. आम्ही पडलो केंद्र सरकारच्या एका खात्यातील नोकर, शिक्षण बी. ए. पर्यंतचे. एवढ्या मोठ्या विषयावर अधिकारवाणीने बोलणे आमच्या आवाक्यातील नव्हे. म्हणून चिटणीसांच्या अनुमतीने आम्ही तो विषय आमच्या उंबरठ्यापुरता आखूड करून घेतला आहे. आमचे पांगलेले कुटुंब दर वर्षी नाताळच्या सुटीत याच बन्नीमंटपात कसे एकत्र येऊ लागले, एवढेच आज सांगावयाचे आहे. त्यात आमच्या हातून घडलेल्या एका चुकीचीही कबुली आहे. ती घरच्या माणसांपुढे द्यावी, म्हणून हे व्यासपीठ आम्ही निवडले.

प्रथम नाताळच का, ते सांगतो. आपल्यापैकी अनेकांच्या मनात ही शंका आलीच असेल की, गणपती, दिवाळी असे आपले सण सोडून हिंदू घराने नाताळ का धरावा? याचे कारण सर्वस्वी व्यावहारिक आहे. कर्नाटकातील शाळांना मोठी सुटी मिळते ती दसऱ्याला, महाराष्ट्रातील शाळांना ती दिवाळीत मिळते. केंद्रीय विद्यालयांचे वेळापत्रक या दोहोंहून निराळे. आमच्यासारख्या केंद्र सरकारच्या नोकरास वर्षाकाठी नैमित्तिक रजा आठ, आणि गृहनगराला जाण्याची सवलत चार वर्षांच्या गटात दोनदा. आमची मुले म्हैसुरात, थोरल्या बंधूंची सांगलीत, भगिनीची नागपुरात, धाकट्याची बडोद्यात. पंचांग सर्वांचे एक, पण सुट्यांचा मेळ म्हणून बसेना. दिवाळीला एकाच्या मुलांची परीक्षा, तर गणपतीत दुसऱ्याच्या कचेरीची तपासणी. सगळी दिनदर्शिका चाळली, तेव्हा चौघांनाही सोयीचे असे दिवस सापडले ते २५ डिसेंबर ते १ जानेवारी एवढेच.

या सुटीचा असा उपयोग करणारे आम्ही काही पहिले नव्हे. राष्ट्रीय सभेचे पहिले अधिवेशन मुंबईच्या गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेत २८ डिसेंबर १८८५ रोजी भरले, तेव्हा ७२ प्रतिनिधी जमले होते. ते मुळात पुण्यास व्हावयाचे, पण कॉलऱ्याच्या साथीमुळे मुंबईस न्यावे लागले. पुढे कित्येक वर्षे राष्ट्रीय सभा नाताळच्या आठवड्यातच भरत असे, कारण त्या दिवसांत न्यायालये आणि कचेऱ्या बंद असत आणि वकील मंडळींना सवड मिळे. महाडची जी परिषद मनुस्मृतिदहनामुळे इतिहासात नोंदली गेली, तीही २५ डिसेंबर १९२७ रोजीच सुरू झाली. राज्यकर्त्यांच्या सणाची सुटी आपल्या माणसांनी आपल्या कामाला लावली, ही परंपरा अशी जुनी आहे. 'नाताळ' हा शब्ददेखील पोर्तुगीजांकडून आला आणि मराठीत इतका रुळला की, तो परका आहे हे सांगितल्यावाचून कोणाच्या ध्यानात येत नाही. वसईच्या मराठी ख्रिस्ती घरांतून तर नाताळ म्हणजे आपल्या दिवाळीइतकाच घरचा सण.

आता आमच्या घराकडे वळतो.

आमचे वडील २००१ साली वारले. सांगली जिल्ह्यात आमचे जुने घर आणि थोडी शेती. ती सारी व्यवस्था थोरले बंधू, ज्यांना आम्ही सर्व दादा म्हणतो, पाहत असत. वडिलांच्या वर्षश्राद्धानंतर आम्ही दादांना एक पत्र लिहिले. ते पत्र आम्हांस आजही शब्दशः आठवते, आणि आठवले की मान खाली जाते. भावाने भावाला लिहिलेले ते पत्र नव्हतेच, कचेरीचा मसुदा होता. वर 'विषय', खाली 'संदर्भ', आणि पुढे क्रमवार तीन कलमे. शेतीचे उत्पन्न किती, वडिलांच्या आजारपणात खर्च किती, शिल्लक किती. उत्तर पंधरा दिवसांत अपेक्षित. आयुष्यभर ज्या भाषेत आम्ही पोट भरले, त्याच भाषेत आम्ही थोरल्या भावाकडे हिशेब मागितला.

उत्तर आले नाही. पंधरा दिवसांत आले नाही, आणि सहा वर्षांतही आले नाही. दिवाळीची शुभेच्छापत्रे थांबली, भाऊबीजेला भगिनीने एकदा सांगलीस जावे नि एकदा म्हैसुरास यावे, असे सुरू झाले. हिशेब मागण्याचा हक्क आम्हांला होता, असे आम्ही स्वतःला समजावीत राहिलो. हक्क होताही. परंतु प्रत्येक हक्क लेखी बजावावयाचा नसतो, हे कोणत्याही नियमपुस्तकात लिहिलेले नाही.

याच काळात आई आमच्याकडे म्हैसुरास राहावयास आली. बन्नीमंटपात आमची तीन खोल्यांची जागा होती. दसऱ्याची जंबूसवारी राजवाड्यापासून निघून जेथे येऊन पोहोचते, ते हे ठिकाण. बन्नी म्हणजे शमी, ज्या झाडावर पांडवांनी अज्ञातवासात आपली शस्त्रे लपवून ठेवली असे महाभारतात सांगितले आहे. महाराष्ट्रात आपण आपट्याची पाने वाटतो, येथे लोक बन्नीची वाटतात. आईला ही गोष्ट फार आवडली होती. २००७ सालच्या दसऱ्याला हातात बन्नीची चार पाने घेऊन ती आम्हांला म्हणाली, "पोस्टकार्डं आणून दे. चार आण."

"चार कशाला? तीनच तर घरं," आम्ही म्हणालो.

"एक तुलाही लिहिणार आहे," ती म्हणाली.

तिने खरोखरच आम्हांलाही पत्र लिहिले, आणि ते टपालाने आमच्याच पत्त्यावर आले. चारही पत्रांत मजकूर एकच होता. दिवाळीला तुम्हांला जमत नाही. नाताळात जमते असे मला कळले आहे. सर्वांनी २४ डिसेंबरला बन्नीमंटपास यावे. हे शस्त्रे ठेवण्याचे गाव आहे, तेव्हा आपापली शस्त्रे झाडावर ठेवून आठ दिवस राहावे. आई.

दादा येतील असे आम्हांला वाटले नव्हते. २४ तारखेस दुपारी रिक्षा थांबली, वहिनी आणि मुले उतरली, आणि पाठोपाठ दादा उतरले. त्यांच्या काखेत एक लाल कापडी बांधणीची वही होती. त्यांनी आईला नमस्कार केला आणि वही तिच्यापुढे ठेवली. म्हणाले, "सहा वर्षांचा हिशेब आहे. मागितला होता."

घरात पंधरा माणसे. कोणी काही बोलेना. आई म्हणाली, "वही कपाटावर ठेव. आधी जेवणं होऊ देत."

त्या संध्याकाळी शेजारच्या घरून एक मोठे ताट आले. शेजारी मंगळूरकडचे कोकणी बोलणारे ख्रिस्ती कुटुंब होते, आणि त्यांच्याकडे नाताळला फराळाचे ताट शेजारीपाजारी देण्याची चाल आहे. त्याला ते कुसवार म्हणतात. आईचे माहेर सावंतवाडीकडचे. तिने ताटावरचा रुमाल उचलला आणि म्हणाली, "ही तर आमची नेवरी!" शेजारच्या काकू दारातच थबकल्या. त्याही तिला नेवरीच म्हणत होत्या. आपण घाटावर जिला करंजी म्हणतो, ती एकाच नावाने दोन धर्मांच्या दोन घरांत नांदत होती. पुढचा अर्धा तास त्या दोघी सारणात खोबरे किती आणि तीळ किती, यावर बोलत बसल्या. दुसऱ्या दिवशी आईने पावट्यांची उसळ करून तेच ताट परत पाठविले. डिसेंबरात म्हैसूरच्या बाजारात पावट्याच्या शेंगांचे ढीग असतात, हे आपणांस ठाऊक आहेच. रिकामे ताट परत करावयाचे नसते, हा नियम दोन्ही घरांना सारखाच माहीत होता.

रात्री मुलांना घेऊन बहुतेक मंडळी सेंट फिलोमिना चर्चची रोषणाई पाहावयास गेली. १९३३ साली त्याची कोनशिला नालवडी कृष्णराज वडियार महाराजांनी बसविली. त्याचे जोड मनोरे सुमारे १७५ फूट उंच आहेत. आम्ही डोके दुखते असे सांगून घरीच राहिलो, आणि कपाटावरची वही काढली.

दादांचे अक्षर वडिलांसारखेच, वळणदार. सोयाबीन, हरभरा, मजुरी, घराच्या कौलांची दुरुस्ती, सारे तारीखवार. वडिलांच्या आजारपणाचा खर्च स्वतंत्र पानांवर होता. जमेच्या बाजूस शेतीचे उत्पन्न मांडलेले होते, ते अपुरे पडत होते, आणि जेथे जेथे तूट होती तेथे 'स्वतःचे' एवढाच शब्द होता. तो शब्द आम्ही एकोणीस वेळा मोजला. त्यातील एकाही रकमेचा हिस्सा त्यांनी कोणाकडे मागितला नव्हता. वडिलांच्या आजारपणात आम्ही दोनदा येऊन गेलो होतो, त्या दोन्ही तारखांना आमच्या परतीच्या तिकिटाची रक्कमही 'स्वतःचे' या सदरात होती. ते तिकीट दादांनी काढले होते, हे आम्ही विसरून गेलो होतो.

मध्यरात्री चर्चच्या घंटा वाजू लागल्या, तेव्हा आम्ही वही मिटली.

सकाळी आम्ही स्वतः चहा करून दादांपुढे कप ठेवला. काय बोलावे ते सुचेना. "दादा, ते पत्र..." एवढेच म्हणालो. दादांनी घोट घेतला आणि म्हणाले, "साखर कमी आहे." सहा वर्षांनंतर त्यांनी आमच्याशी बोललेले हे पहिले वाक्य. आम्ही साखरेचा डबा आणला. क्षमा मागणे आणि ती मिळणे, दोन्ही त्या डब्यातच उरकले. त्या विषयावर पुन्हा बोलणे झाले नाही.

बंधुभगिनींनो, यापुढे सारे सुरळीत झाले असे सांगितले, तर ते खोटे होईल. तिसऱ्या वर्षी आमच्या पत्नीने एक प्रश्न विचारला, "सुटी नक्की कोणाची?" पंधरा माणसांचा दोन वेळचा स्वयंपाक, सकाळी आंघोळीच्या पाण्याची रांग, रात्री अंथरुणे. पुरुष मंडळी गच्चीवर उन्हात गप्पा मारीत, आणि घरातील चार बायका आठ दिवस ओट्यापाशी उभ्या. तिचे म्हणणे न्याय्य होते, आणि आईनेच ते उचलून धरले. तेव्हापासून नियम झाला की, आठांपैकी तीन दिवस पुरुषांनी रांधावे, दोन दिवस बाहेरून डबे आणावे, आणि खर्चाचे पाकीट एका पेटीत टाकावे, कोणी किती टाकले हे पाहू नये. आमच्या पहिल्या पिठल्याच्या गुठळ्या आजही पुतण्यांच्या थट्टेचा विषय आहेत. पण वहिनींनी त्या वर्षी प्रथमच चामुंडी टेकडी पाहिली, ही गोष्ट थट्टेची नाही.

आई २०१६ साली गेली. त्या डिसेंबरात जमावे की नाही, असा प्रश्न होता. दादांची चार पोस्टकार्डे आली. २०२० साली महासाथीमुळे जमता आले नाही, पडद्यावरच एकमेकांची तोंडे पाहिली. त्या एका वर्षाचा अपवाद सोडला, तर क्रम मोडलेला नाही.

परंतु आता खरा प्रश्न पुढे आहे. दोन वर्षांनी आम्ही निवृत्त होऊ. दादांना लांबचा प्रवास झेपत नाही. बडोद्याचा पुतण्या अमेरिकेत शिकतो, आणि पुढच्या पिढीतील दोघांना मराठी समजते पण वाचता येत नाही. आईचे पोस्टकार्ड त्यांना वाचून दाखवावे लागले. ही गाठ आमच्यामागे टिकेल काय? आम्ही खात्रीने सांगू शकत नाही. मात्र गेल्या नाताळात त्याच पुतण्याने जाताना आम्हांला विचारले, "काका, पोस्टकार्ड अजून मिळतं का?" आम्ही चार आणून दिली. त्यांवर त्याने पत्ते देवनागरीत लिहावयाचा प्रयत्न केला. बडोद्याचा 'ब' पोट फोडल्यावाचूनच राहिला, तो 'व' झाला. तरी टपालखाते सुज्ञ आहे, कार्ड पोहोचले.

आपल्या मंडळास पन्नास वर्षे झाली. ज्यांनी ते स्थापिले ते आपापल्या गावांहून तुटून येथे आले होते, आणि एकमेकांना त्यांनी काका, मामा, आत्या केले. मंडळ हेही पांगलेल्यांचे मोठे घरच आहे. म्हणून एक विनंती करून थांबतो. नाताळच्या त्या आठ दिवसांत ज्या सभासदांकडे कोणी येणार नाही, ज्यांची मुले दूर आहेत, अशांसाठी मंडळाचे दार उघडे ठेवावे. पहिल्या दिवसाचे पिठले आम्ही करू. गुठळ्यांची हमी देतो. आणि ज्यांनी कोणा भावाला हिशेबाचे पत्र लिहिले असेल, त्यांनी यंदा एक साधे कार्ड लिहावे. त्यावर विषय नसावा, संदर्भ नसावा, आणि उत्तराची मुदतही नसावी.