शिक्षण : समाजाचे खरे भांडवल

आशियातील अनेक राष्ट्रे स्वतंत्र झाली तेव्हा त्यांच्या तिजोऱ्या रिकाम्या होत्या. श्रीलंकेने मात्र स्वातंत्र्यापूर्वीच, १९४५ साली, मोफत शिक्षणाचे धोरण स्वीकारले आणि साक्षरतेत व आरोग्यात तो देश शेजाऱ्यांच्या पुढे गेला.

महाराष्ट्रात हा विचार त्याआधीच रुजला होता. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापिली. १९२४ साली साताऱ्यात सर्व जातिधर्मांच्या मुलांसाठी वसतिगृह उभे राहिले. मुलांच्या अन्नासाठी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्रही मोडले. ‘कमवा व शिका’ या मार्गामुळे विद्यार्थ्यावर उपकाराचे ओझे राहिले नाही.

१ एप्रिल २०१० पासून शिक्षण हक्क कायदा लागू झाला. परंतु त्याची हमी चौदा वर्षांपर्यंतच आहे. पुढे घाटकोपर, मुलुंड, अंधेरीच्या दुकानांत दिवसभर कापडाचे तागे उलगडणाऱ्या मुलाची शाळा रात्रीची. ऐन गिऱ्हाइकीच्या वेळी त्याला सोडणे व्यापाऱ्यास जड जाते. तथापि देणगीची पावती फाडणे जसे विद्यादान, तसेच त्या मुलाला रोज सायंकाळी वेळेवर सोडणे हेही विद्यादानच होय. त्या एका तासाचा तोटा खातेवहीत दिसेल. लाभ मात्र पुढच्या पिढीच्या खाती जमा होईल.